पिल्लांचा दिवा

"पिल्लं किती आणलीसा ओ मावशी?"

पाटोळेवहिनींचा आवाज कुंपणापलीकडून आला, तेव्हा मी मागच्या खोलीत उघड्या अंगानं भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. पाठीशी स्टुलावर लाल दिव्याची पाटी उभी केलेली. खिडकी बंद, खिडकीवर आईची जुनी चादर, दाराला कडी. तरी फटीतून उजेड गेलाच असणार. लपवायला गेलं की नेमकी फट राहते.

आई तुळशीपाशी दिवा लावत होती. तिचा हात थांबला असावा, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"कसली गं पिल्लं?"

"अवो, रोज सांजच्याला तांबडा उजेड दिसतोय न्हवं खिडकीतनं. माझ्या भावाच्या पोल्ट्रीत पिल्लांस्नी ऊब द्यायला लावत्यात बगा तसला."

"व्हय व्हय," आई म्हणाली. "थोडीच आणल्यात. गावठी हायती."

"मग तलंग होऊन अंड्यावर आली की एक मला द्या बरं का."

"देते की. आधी जगू तर देत."

त्या संध्याकाळपासून आमच्या घरात गावठी कोंबडीची पिल्लं वाढू लागली. पिल्लं म्हणजे मी. विट्याच्या दूध संघात सुपरवायझर, लग्न ठरलेला, आणि नाव धैर्यशील. हे नाव ज्यांनी ठेवलं त्या माझ्या आजोबांना काय ठाऊक, की नातवाला शर्टाचं वरचं बटण काढायचंसुद्धा धैर्य होणार नाही.

मला सोरायसिस होता. आजही आहे. तेव्हा मात्र आमच्या घरात त्याला नाव नव्हतं. आम्ही 'ते' म्हणायचो. "ते कसं आहे?" "ते जरा वाढलंय." कॉलेज संपता संपता कोपरांवर सुरू झालं, मग गुडघे, मग पाठ. लालभडक चट्टे आणि त्यांच्यावर पांढऱ्या खपल्या. अंथरुणावर रोज कोंडा सांडायचा, आणि तो मी उठायच्या आधी आई झटकून टाकायची. मी झोपेचं सोंग घेऊन पडून राहायचो. तिनं झटकलं हे मला कळलं, असं तिला कळू नये म्हणून.

दूध संघात मी बाराही महिने लांब बाह्यांचा शर्ट घालायचो. दुधापाशी काम. कुणी कोपर बघितलं असतं तर आमच्या गवळ्यांनी कॅन उचलून पलीकडच्या संघाची वाट धरली असती. निदान मला तसं वाटायचं. मलमाला डांबरासारखा उग्र वास होता, त्यावर मी अत्तर मारायचो. मग दोन्ही मिळून असा काही वास यायचा की टेस्टिंगचा मुलगा नाकाला रुमाल लावून लॅक्टोमीटर बघायचा.

सांगलीच्या डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "हा जन्माचा सोबती आहे. कधी कमी, कधी जास्त. शिवल्यानं कुणाला होत नाही, त्यामुळं लाजू नका आणि मलम सोडू नका." मी मोबाइलवर बघितलेल्या लाल दिव्याबद्दल विचारलं, तेव्हा त्या हसल्या. "घरी वापरून बघायचा तर बघा. काहींना बरं वाटतं, काहींना काहीच फरक पडत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. आणि पाठ मला दाखवायला परत या."

मी परत गेलो नाही. लग्न ठरलं, आणि पाठ दाखवायला म्हणून शर्ट काढायचा नुसता विचार आला तरी माझी पावलं जड व्हायची.

दिवा मात्र आला. खोक्यातून काढला तेव्हा काळ्या पाटीवर डाळिंबाच्या दाण्यांसारखे छोटे छोटे बल्ब होते. पहिल्यांदा बटण दाबलं तशी खोलीभर तांबडा उजेड पसरला आणि आईनं सवयीनं दोन्ही हात जोडले. संध्याकाळी घरात दिवा लागला की ती हात जोडते, मग तो देवापुढचा असो नाहीतर ट्यूबलाइट.

"अगं, हा औषधाचा दिवा आहे."

"मग तर जोडायलाच पायजेत," आई म्हणाली.

आमचा रोजचा क्रम ठरला. संध्याकाळ झाली की खिडकी लावायची, चादर सोडायची, ट्यूब बंद करायची, दिवा लावायचा, मग मी शर्ट काढायचा. उठताना नेमकं उलटं: आधी बनियन, वर शर्ट, बटणं लावून झाली की मग ट्यूब. हा नियम माझा होता. पांढऱ्या उजेडात माझी पाठ आईनंही बघायची नाही. मलम ती लावायची, पण तेही त्या तांबड्या उजेडात. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, आणि आमच्या घरातला आरसा तोंडापुरता. मोबाइलवर फोटो काढता आला असता. पण तसला फोटो जगात कुठंही असावा हेच मला नको होतं.

त्या उजेडाचं मला वेड लागलं, हे खरं. समोर हात धरला की हात स्वच्छ दिसायचा. कोपरावरचे चट्टे दिवसाही फिके पडल्यासारखे वाटायचे, खाज कमी झाली होती, अंथरुणावरचा कोंडाही कमी झाला होता. मलमानं म्हणा, दिव्यानं म्हणा. मी आईला रोज विचारायचो.

"पाठीचं?"

आई बोटांनी चाचपून बघायची, वाकून बघायची. "कमी झालंय."

मग एके दिवशी तिचा हात पाठीवर तसाच राहिला. "गेलं रे," ती म्हणाली. "साफ गेलं. एक डाग न्हाई."

"नीट बघ."

"बगूनच सांगतीय. म्हाळसाईच्यान, कोरी पाटी हाय." आणि ती माझ्या मागं उभी राहून रडली. माझेही डोळे भरले, पण दिव्यासोबत मिळालेला काळा चष्मा घातलेला असल्यामुळं ते झाकलं गेलं.

मुलगी तासगावची. रेवती. औषधाच्या दुकानात काम करायची, डी. फार्म. केलेली. बघण्याच्या कार्यक्रमात तिनं चहाचा कप पुढं केला तेव्हा जरा थांबून माझ्याकडं बघितलं होतं, एवढंच. साखरपुड्यानंतर आम्ही तिथल्याच गणपतीच्या देवळात भेटलो. एप्रिलचं ऊन, दगड तापलेले, आणि मी मनगटापर्यंत बटणं लावून.

"उकडत नाही का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"सवय आहे."

"बाह्या दुमडल्या तरी चालतील. मला काही नाही."

"नको, असू दे. बरं वाटतं."

तिनं पायऱ्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "अत्तर फार मारता तुम्ही."

मी कानापर्यंत तापलो. सांगायचं ते तिथंच सांगता आलं असतं. शब्द ओठावर आलाही होता. पण आई म्हणाली होती, लग्न होऊ दे, मग सांग. आणि पाठ आता साफ झालीच आहे, मग नसलेल्या गोष्टीचं काय सांगायचं, असं मी मनाला पटवलं. तिला प्रसाद दिला आणि विट्याची बस धरली.

हळद लग्नाच्या सकाळीच होती, विट्यातल्याच कार्यालयात. दोन्हीकडची मंडळी तिथंच उतरलेली. अंगणाच्या या टोकाला आमच्या खोल्या, त्या टोकाला त्यांच्या. आमच्याकडं आधी नवऱ्याला हळद लागते, आणि त्याची उरलेली, उष्टी हळद नवरीला जाते. तीच तिला लावायची. नवऱ्याच्या अंगाला लागलेल्या हळदीची वाटी करवली घेऊन जाते.

मंडपाच्या कडेला, उघड्या अंगणात पाट मांडला होता. चार कोपऱ्यांना तांबे, तांब्यांना सुताचा वेढा. पाच सवाष्णी जमल्या: माझी ताई, थोरली काकू, दोघी मावस वहिनी आणि शेजारच्या म्हणून आईनं आग्रहानं बोलावलेल्या पाटोळेवहिनी. ऊन छान पडलं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळं आई सुताच्या बाहेर, खांबाला टेकून उभी होती. विधवेनं हळदीला हात लावायचा नसतो. तिनंही तसा कधी हट्ट धरला नव्हता.

"सदरा काढ की रे," काकू म्हणाली. "न्हाण कपड्यावर घालतोस का काय?"

मी आईकडं बघितलं. ती हसली. त्या हसण्यात जो अभिमान होता तो मी आजवर विसरलेलो नाही.

"काढ की," ती मोठ्यानं म्हणाली. "काय झाकायचं हाय आता?"

मी सदरा काढला, बनियन काढली, ताईकडं फेकली. कॉलेजनंतर पहिल्यांदा पाठीला ऊन लागलं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मी पाटावर ऐटीत बसलो.

माझ्या मागं हळदीचं गाणं चाललं होतं. ते आधी एका बाईचं थांबलं, मग दुसरीचं, मग सगळ्यांचं. समोर काकू आंब्याची पानं हळदीत बुडवून पायांना लावत होती. गाणं का थांबलं म्हणून ती उठून मागं गेली, आणि परत समोर आली तेव्हा तिच्या हातातली पानं खाली होती. माझी पाठ मला दिसत नव्हती. ती मला त्या बायकांच्या तोंडांवर दिसली.

"अगं बाई," पाटोळेवहिनी म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. ते त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं. "ही व्हय ओ मावशी तुमची पिल्लं?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी हातांची घडी घातली, खांदे आवळले, जणू त्यानं पाठ लहान होणार होती. जमिनीनं पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. बनियन ताईकडं होती आणि ताई कुठं आहे ते दिसेना.

तेवढ्यात पाठीवर तळवा पडला. पानं नाहीत, तळवा. भरपूर हळद, आणि ती फासल्यासारखी, वरून खाली. मान न वळवता मी तो हात ओळखला. एवढे दिवस त्या पाठीवरून दुसरा कुणाचा हात फिरलाच नव्हता. आई सूत ओलांडून आत आली होती आणि हळदीनं माझे डाग लिंपत होती.

"कला!" काकू ओरडली.

आई थांबली नाही. वाटीत हात बुडवायची आणि फासायची. मी दातांवर दात धरून म्हणालो, "तू म्हणालीस साफ गेलंय."

"देवाशप्पत, साफच दिसत हुतं रे."

"खोटं बोललीस तू." माझा आवाज वाढला. सगळ्या बायका ऐकत होत्या आणि मला त्याची पर्वा नव्हती. "माझं मन राखायला खोटं बोललीस आणि मला उघडं पाडलंस."

तिचा हात माझ्या पाठीवर थांबला. मग परत फिरायला लागला, पण हळू.

"काय केलंस हे कला?" काकू जवळ आली. "सवाष्णींच्या वाटीत तू हात घातलास. आणि ह्या अंगाची हळद त्या पोरीला लावायची? उद्या तिच्या अंगावर उठलं मंजे? वास तरी बगा, डांबरागत येतोय. ही वाटी सारा बाजूला. दुसरी हळद कालवा आणि तीच धाडा तिकडं. कुणी बोलायचं न्हाई."

शिवल्यानं होत नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. दूध संघात मी गवळ्यांच्या गर्दीत ओरडून सूचना देतो. तिथं माझ्या तोंडातून फक्त वारा आला.

आई उठली. हात धुतले. कोपऱ्यात बसून तिनं नव्या वाटीत कोरडी हळद घेतली, पाणी घातलं आणि कालवायला लागली. आता तिचं विधवापण कुणाला आठवलं नाही. काकू बोलली त्याचं मला एवढं लागलं नाही. पण ज्या बाईनं इतके दिवस मलमाचे हात लुगड्याला पुसून तसाच स्वयंपाक केला, तीच मुकाट्यानं माझ्या अंगाची हळद बाजूला सारून दुसरी कालवत होती. ते बघवेना म्हणून मी माझ्या पायांच्या बोटांकडं बघत बसलो. तीसुद्धा पिवळी झाली होती.

ताई नवी वाटी घेऊन गेली. माझ्यावर दोन तांबे पाणी ओतून मला टॉवेल दिला गेला. मी तो खांद्यांवरून गच्च ओढून पाटावरच बसलो. उठून जायचं कुठं?

ताई परत आली ती भरली वाटी हातात घेऊनच, आणि तिच्या मागोमाग रेवतीची आत्या.

"काय झालं गं?" काकूनं विचारलं.

"ती लावून घेईना," ताई म्हणाली. तिला धाप लागली होती. "वाटी नाकापाशी धरली आणि म्हणाली, ही त्यांची हळद न्हाई."

"आता तिला काय वासावरनं कळतंय व्हय?"

"कळतंय तिला," आत्या म्हणाली. "औषधाच्या दुकानात असती आमची पोरगी. म्हणती, त्यांच्या अंगाला मलमाचा वास हाय, अत्तरातनं सुदीक येतो. पयल्या दिवशी चहा देतानाच आला हुता म्हणं. ह्या वाटीला न्हाई. म्हणती, त्यांच्या अंगाची असंल तर आणा, न्हाईतर मी अशीच बसते." तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं एकदा बघितलं. "कसलं मलम ओ? आमाला कुणी सांगंल का?"

काकू ताईकडं बघायला लागली, ताई माझ्याकडं. आईनं पदर तोंडाशी धरला होता.

"सोरायसिस आहे मला," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "पाठीवर जास्त आहे. शिवल्यानं होत नाही. पण बरंही होत नाही."

आत्या जवळ आली. तिनं टॉवेल खांद्यावरून थोडा सरकवून बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

"तिला ठाऊक हाय हे?"

"मी सांगितलं नव्हतं. पण आता वाटतं, तिला ठाऊक आहे."

आत्यानं टॉवेल परत नीट ओढला. "पोरगी माझ्यापरीस शिकल्याली हाय," ती म्हणाली. "कुठंय ती वाटी?"

बाजूला सारलेली वाटी भिंतीशी होती. आत माझ्या खपल्यांचे बारके तुकडे असतील, मलम असेल, आईचा हात होता. आत्या ती पदराखाली झाकून घेऊन गेली. थोड्या वेळानं पलीकडून हळदीचं गाणं ऐकू आलं. मी ते ऐकलं आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण मला नुसती लाज वाटत होती, की मी एप्रिलच्या उन्हात तिच्यासमोर बटणं लावून बसलो होतो आणि तिच्या नाकाला सगळं समजत होतं.

लग्न लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा ती हसली नाही. माझ्याकडं नीट बघितलं आणि हार घातला. तिच्या कानामागं हळद राहिली होती.

आईशी मी बोलत नव्हतो. "जेव" म्हणाली की जेवायचं, "झोप" म्हणाली की झोपायचं. सत्यनारायण झाला, पाहुणे पांगले, तरी आमच्यात तेवढेच शब्द. ती माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हती, आणि मी त्याचा अर्थ असा लावला की तिचं खोटं तिला बोचतंय. म्हाळसाईची शपथ घेऊन खोटं बोललीस, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

एका दुपारी रेवतीनं कपाटामागून आईच्या चादरीत गुंडाळलेली पाटी बाहेर काढली.

"हाच का तुमचा तो पिल्लांचा दिवा?"

"ठेव तो तिथं."

"लावून दाखवा ना. मला बघायचंय."

मी नको नको म्हणत उठलो. दाराला कडी घातली, खिडकी लावली, चादर सोडली. दिवा लावला आणि मग शर्ट काढून सवयीनं भिंतीकडं तोंड करून बसलो. मी वाट बघत होतो. काय येणार, कीव की किळस, एवढंच ठरायचं होतं.

"अहो," ती म्हणाली. "तुमच्या पाठीवर काही नाही."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. थोडी जाडसर दिसते कातडी, बाकी काही नाही." ती उठली. खिडकीची कडी वाजली, चादर सरकली आणि दुपारचा पांढरा उजेड आत आला. तिनं दिवा बंद केला. "आता आहे," ती म्हणाली. "खूप आहे." परत खिडकी लावली, दिवा लावला. "आता नाही." परत उघडली. "अहो, तुम्ही ह्याच उजेडात बघत होतात का रोज?"

मी नुसती मान हलवली.

तिनं दाराची कडी काढली. "आई, जरा आत येता का?"

आई हात पुसत आली आणि मी उघडा बसलेला बघून दारातच थबकली.

"या ना," रेवती म्हणाली. खिडकी लावून तिनं दिवा लावला. "आता बघा."

आई माझ्या मागं येऊन उभी राहिली. मग तिचा आवाज आला, फार दिवसांनी मोठा. "बगा. साफ हाय न्हवं? एक तरी डाग दिसतोय का? मग मी काय खोटं बोलले?"

"नाही आई. तुम्ही खोटं नाही बोललात," रेवती म्हणाली आणि तिनं खिडकी उघडली.

आई कॉटवर बसली.

"खपल्या पडल्या होत्या, त्या खऱ्याच," रेवती सांगत होती. "मलमानं पडल्या असतील. पण लाली होती तशीच होती. तांबड्या उजेडात तांबडा डाग कसा दिसणार?"

"मंजी मी रोज..." आई म्हणाली.

मला सगळं एकदम दिसलं. चादर मी टांगली होती. आधी शर्ट आणि मग ट्यूब, हा नियम मी केला होता. तिला पाठ बघायला मी एवढाच उजेड ठेवला होता, आणि तिनं त्यात जे दिसलं तेच सांगितलं. त्यावर विश्वास ठेवून भर अंगणात म्हणाली, काय झाकायचं हाय आता.

"आई," मी म्हणालो, "मी त्या दिवशी सगळ्यांच्या देखत तुला—"

"गप. हलू नगंस."

ती उठून माझ्या मागं आली होती. एकेका चट्ट्यावर तिचं बोट टेकत होतं, पुढं सरकत होतं. मानेपासून कमरेपर्यंत. आजवर तिनं हे सगळं बोटांनी ओळखलं होतं, बघत पहिल्यांदाच होती. "हितंबी हाय," ती पुटपुटायची. "आणि हितं." तिच्या आवाजात मी ज्याची वाट बघत होतो ते काहीच नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आता काळा चष्माही नव्हता.

"तासगावात मी उकडतंय का विचारलं, ते कशाला वाटलं तुम्हाला?" रेवती म्हणाली. ती जरा रागावलेली होती, आणि ते बरंच होतं. "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आता सोमवारी सांगलीला डॉक्टरांकडं जायचं. दिवा राहू दे, खाज कमी होत असेल तर लावा. पण बघायचं ते उजेडात."

"काय चाललंय ओ मावशी?"

कुंपणापलीकडून. पाटोळेवहिनी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या, आणि आमची ती खिडकी सताड उघडी त्यांनी पहिल्यांदाच बघितली असणार. माझा हात झटकन शर्टाकडं गेला. शर्ट कॉटवर होता. माझ्या आधी आईनं तो उचलला आणि काखेत मारला.

मग ती खिडकीशी गेली, गजाला धरून उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय न्हाई गं. पिल्लाला ऊन दावतीय."